न पळण्याचं वर्ष
(1992 च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, डिसेंबर 2025 मध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीट करून लिहिलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, ‘दीर्घ दुखापतीतून सावरताना धावपटूने उमेद कशी टिकवावी’. आत्ता ओळख करून देताना ‘जिद्दीची मूर्ती’ वगैरे शब्दही येऊन गेले. म्हणून आधी एक दुरुस्ती करते. हा गुडघा कुठल्या मॅरेथॉनमध्ये गेलेला नाही. तो आपल्या याच मैदानावर, तीन वर्षांपूर्वीच्या स्नेहमेळाव्यात, मुलींच्या खो-खोच्या सामन्यात गेला. इथे बसलेले निम्मे लोक त्याचे साक्षीदार आहेत, आणि काही जणींनी तर मला उचलून रिक्षात घातलं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आम्ही सगळ्या छेचाळीस वर्षांच्या. कुणी सलवार-कमीजमध्ये, कुणी पदर खोचून. पी.टी.चे सर शिट्टी घेऊन उभे. माझ्या पाठीवर थाप पडली, ‘खो!’ असा आवाज आला आणि मी उठले. दहावीत जशी उठायचे तशीच. खांबापर्यंत गेले, हात टेकून वळले. अंग वळलं, पाऊल मात्र जागच्या जागी रोवलेलं राहिलं. गुडघ्यात ‘टक्’ असं काहीतरी वाजलं. दुखण्याआधी तो आवाज आला, हे मला अजून आठवतं.

एमआरआयमध्ये दोन गोष्टी निघाल्या. एसीएल नावाचं लिगामेंट पूर्ण तुटलेलं आणि गुडघ्यातली गादी फाटलेली. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आतून तिरकं बांधून ठेवणारी करंगळीएवढी दोरी म्हणजे एसीएल. ती तुटली की माणूस सरळ चालू शकतो, पण वळताना, जिना उतरताना पायाखालची जमीन सरकल्यासारखा गुडघा निसटतो.

ते होतं 2022 चं डिसेंबर. करोनामुळे दोन वर्षं बंद असलेली मुंबई मॅरेथॉन 15 जानेवारी 2023 ला पुन्हा व्हायची होती. माझं नाव नोंदवलेलं होतं. पूर्ण, म्हणजे 42.195 किलोमीटर. रेल्वेचं तिकीटही काढलेलं होतं. ते रद्द केलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि घरच्यांना वाटलं, गुडघा दुखतोय.

आता हे पळणं माझ्यासाठी काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी एकोणचाळिसाव्या वर्षी पळायला लागले. सिद्धेश्वर तलावाच्या कडेने आधी चालायचे, मग दोन दिव्यांच्या खांबांमधलं अंतर पळायचे, मग पुढच्या खांबापर्यंत. सुरुवातीला अंगावर ओढणी असायची, कारण पहाटे पाच वाजता पळणारी बाई दिसली की माणसं थांबून बघायची आणि कुत्री मागे लागायची. पुढे विजापूर रोडने संभाजी तलावापर्यंत जाऊ लागले. दिवसभर मी कुणाची तरी सून, आई, बँकेतल्या काउंटरवरच्या मॅडम असते. पहाटेचा तो एक तास मात्र कुणाचाच नव्हता, माझा होता.

म्हणून दुखापत झाल्यावर मला सगळ्यात जास्त काय लागलं, तर आजूबाजूला सुटलेला सुटकेचा निःश्वास. कुणी वाईट बोललं नाही. सगळे प्रेमानेच म्हणाले, ‘बरं झालं एका अर्थी, आता जरा विश्रांती घे.’ ‘या वयात कशाला हे?’ डॉक्टरांनीही प्रामाणिकपणे दोन रस्ते सांगितले. पळणं सोडणार असाल आणि चालणं, घरकाम एवढंच असेल, तर व्यायामाने स्नायू बळकट करून ऑपरेशनशिवायही पुष्कळ लोक चांगले राहतात. पण गुडघा वारंवार निसटतोय, गादीही फाटली आहे, आणि पुन्हा तसंच पळायचं असेल, तर ऑपरेशन करावं. मी ऑपरेशन निवडलं. त्या दिवशी मला वाटलं, अवघड निर्णय झाला, आता फक्त जिद्द लागेल आणि ती माझ्याकडे भरपूर आहे.

तिथेच माझी चूक झाली. आज मला मुख्यतः त्या चुकीबद्दल बोलायचं आहे.

फेब्रुवारीत दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. माझ्याच मांडीच्या मागची कंडरा काढून तिची नवी दोरी केली आणि हाडात बोगदा करून ती बसवली. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मॅडम आल्या. माझ्या मुलीपेक्षा चारेक वर्षांनी मोठ्या असतील. म्हणाल्या, ‘काकू, मांडी आवळा आणि गुडघा खाली गादीवर दाबा.’ मी आवळली. काही झालं नाही. म्हणजे मी डोक्यातून हुकूम सोडत होते आणि मांडी ऐकतच नव्हती. एकवीस किलोमीटरच्या शर्यती पळालेली मांडी! त्यांनी समजावलं की गुडघ्याला इजा झाली, सूज आली की शरीर स्वतःच मांडीच्या पुढच्या स्नायूचा पुरवठा तोडल्यासारखं करतं. हा आळस नाही, शरीराने घेतलेली खबरदारी आहे. ती रोज थोडी थोडी समजूत घालून काढावी लागते.

त्या आठवड्यात आपल्या ग्रुपवर तुम्ही मला धीर देणारे किती निरोप पाठवलेत! त्यातला एक तीन जणांनी पाठवला होता. अमेरिकेच्या जोन बेनॉइटची गोष्ट. 1984 साली ऑलिम्पिक निवड चाचणीच्या फक्त सतरा दिवस आधी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तरी ती चाचणी जिंकली आणि त्याच वर्षी लॉस एंजेलिसला महिलांची पहिलीवहिली ऑलिम्पिक मॅरेथॉनही 2 तास 24 मिनिटं 52 सेकंदांत जिंकली. गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी ती रोज वाचायचे आणि मनात हिशेब करायचे, तिला सतरा दिवस लागले, मला सत्तर पुरतील.

पण त्या निरोपात एक गोष्ट लिहिलेली नव्हती. बेनॉइटच्या गुडघ्यातून अडथळा करणारा पेशींचा एक पट्टा काढून टाकला होता. काढायचं ते काढलं, की काम झालं. माझ्या गुडघ्यात मात्र नवं काहीतरी रुजायचं होतं. बसवलेली कंडरा ही सुरुवातीला निर्जीवच असते. शरीर हळूहळू तिच्यात रक्तवाहिन्या घालतं, जुन्या पेशी मोडतं, नव्या भरतं. या कामात मध्येच एक काळ असा येतो की जुनं मोडलेलं असतं आणि नवं अजून पक्कं झालेलं नसतं. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती दोरी सगळ्यात कमकुवत असते. आणि गंमत, खरं तर धोका, असा की नेमकं याच सुमारास माणसाला बरं वाटायला लागतं. सूज उतरते, कुबड्या सुटतात, जिना चढता येतो. म्हणजे वरून गुडघा सगळ्यात चांगला वाटतो तेव्हा आतून तो सगळ्यात नाजूक असतो.

हे मला सांगितलेलं होतं. कागदावर लिहूनही दिलेलं होतं. तरी अकराव्या आठवड्यात, एप्रिलच्या शेवटी, एके रात्री साडेनऊला ‘दूध आणते’ म्हणून मी बाहेर पडले, संभाजी तलावावर गेले आणि पळाले. पूर्ण दोन किलोमीटर. उन्हाळ्याची रात्र, गरम वारा, पायांत बूट. इतका आनंद मला त्याआधी कित्येक महिन्यांत झाला नव्हता. दूध आणायचं विसरले.

सकाळी गुडघा नारळाएवढा झाला होता. फिजिओ मॅडमना सांगितलं, ‘बाथरूममध्ये घसरले.’ त्यांनी टेप घेऊन घेर मोजला, वहीत लिहिला आणि शांतपणे विचारलं, ‘काकू, किती पळालात?’ मी गप्प. मग त्या म्हणाल्या, ‘तुमच्यात जिद्द कमी नाही. जरा जास्तच आहे. मला तिचीच भीती वाटते.’

दोरी तुटली नव्हती, ही देवाची कृपा. पण सहा आठवडे मागे गेले. आणि त्या सहा आठवड्यांत मी खरी खचले.

आता एक कबुली. इथे बसलेल्या एका मैत्रिणीसमोर ती द्यायची म्हणूनच मी हे भाषण स्वीकारलं. त्या दिवशी मैदानात मला ‘खो’ देणारी जी होती, तिचं नाव घेत नाही, वर्ग ओळखेल. ऑपरेशननंतर ती दर रविवारी घरी यायची. डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी दही-धपाटे. मी गोड बोलायचे आणि ती गेल्यावर मनात म्हणायचे, ‘हिने नको म्हणत असताना खेळायला ओढलं. हिने इतक्या जोरात खो दिला.’ एप्रिलनंतर तर मी तिचा फोनही उचलेना. पळणाऱ्यांच्या ग्रुपमधून बाहेर पडले, कारण रोज सकाळी त्यांचे घामेजलेले फोटो बघवत नव्हते. व्यायाम कधी करायचे, कधी नाही. वजन सात किलोंनी वाढलं. पहाटे पाचला जाग यायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

त्या पडून राहण्यात एक दिवस मला माझे वडील आठवले. आपल्यातल्या पुष्कळांची घरं गिरणीच्या भोंग्यावर चालायची. भोंगा झाला की चूल, भोंगा झाला की डबा. माझ्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा भोंगाही बंद झाला. तरी ते कितीतरी दिवस पहाटे त्याच वेळी उठायचे, अंघोळ करायचे, इस्त्रीचा नसला तरी धुतलेला शर्ट घालायचे आणि ओट्यावर बसायचे. आम्हा पोरांना त्यांची दया यायची, थोडी लाजही वाटायची. कामावर जायचं नाही तर तयार कशाला व्हायचं? पुढे त्यांना एका दुकानात हिशेबाचं काम मिळालं. तिथे ते पहिल्या दिवसापासून वेळेवर गेले. गिरणी परत येणार नाही हे त्यांना आमच्याआधी कळलेलं असणार. ते गिरणीची वाट बघत नव्हते, स्वतःची सवय सांभाळत होते. हे मला समजायला माझा गुडघा तुटावा लागला.

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. पळायचे कपडे घातले. बूट मात्र कपाटातच ठेवले, कारण स्वतःवर भरवसा नव्हता. आणि गच्चीवर सतरंजी टाकून तो पळण्याचा तास मी व्यायामाला दिला. टाच सरकवणं, पाय सरळ उचलणं, भिंतीला पाठ लावून बसणं, एका पायावर तोल. कंटाळवाणं काम आहे, खोटं बोलत नाही. नंदीध्वज पेलणारे आपल्या गड्ड्याच्या यात्रेत ऐटीत चालताना दिसतात, पण आधी किती दिवस त्यांचा सराव चाललेला असतो ते त्या गल्लीतल्यांनाच माहीत. त्या सरावाला टाळ्या नसतात. माझाही तसाच होता. प्रेक्षक म्हणजे शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या आजी. त्या रोज विचारायच्या, ‘झालं का गं बरं?’ आणि मी रोज ‘होतंय’ म्हणायचे.

‘उमेद कशी टिकवली’ याचं उत्तर द्यायचं तर मी केलेल्या तीनच गोष्टी सांगेन.

पहिली, मोजण्याची गोष्ट बदलली. पळणाऱ्या माणसाला आकड्यांचं वेड असतं. किलोमीटरला किती मिनिटं, आठवड्याला किती किलोमीटर. ते आकडे शून्य झाले की आपणही शून्य झालो असं वाटतं. मी नवी वही घातली. गुडघा किती अंशांत वाकतो, दोन मांड्यांच्या घेरात किती सेंटिमीटरचा फरक आहे, दुखऱ्या पायावर किती सेकंद उभी राहते. वाकणं 95 अंशांवरून 110, 125, 135 वर गेलं. घेरातला फरक चारवरून तीन, मग दीड सेंटिमीटरवर आला. एखाद्या आठवड्यात आकडा हलायचा नाही, पण महिन्याचं पान उलटून मागे पाहिलं की हललेला दिसायचा. आपल्या गणिताच्या बाईंनी तक्ते करायला लावले तेव्हा आपण कुरकुर करायचो. बाई, तुमच्या तक्त्यांनी मला वाचवलं.

दुसरी, घाईची जागा मी माहितीने भरली. ‘मला वाटतं तेव्हा’ पळायचं नाही, कसोट्या पार झाल्यावरच पळायचं, असं मॅडमनी ठरवून दिलं. सूज नको, गुडघा पूर्ण सरळ व्हायला हवा, दोन्ही पायांची ताकद जवळजवळ सारखी हवी, एका पायावर उतरताना गुडघा आत झुकायला नको. मी हुज्जत घातली तेव्हा त्यांनी मला 2016 सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एसीएलचं ऑपरेशन झालेल्या खेळाडूंवर तो केला होता. वळणं-उड्या असलेल्या खेळाकडे परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने लांबवलं, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे निम्म्याने घटलं. महिन्यामागे निम्मं! बँकेत इतका परतावा कुठल्या ठेवीवर मिळतो? हे ऐकल्यावर थांबणं मला शिक्षा वाटेनासं झालं. थांबणं ही ठेव झाली. तुम्ही हसताय, पण मला खरोखर तसंच समजलं.

तिसरी, आणि सगळ्यात अवघड, पळणाऱ्यांपासून तोंड लपवणं बंद केलं. ग्रुपमध्ये परत गेले. आपल्या गावातल्या शर्यतीच्या दिवशी पाण्याच्या टेबलावर उभी राहिले. पहिला अर्धा तास गळ्यात आवंढा होता. मग एक साठीचे गृहस्थ धापा टाकत आले, पाण्याचा ग्लास घेतला आणि म्हणाले, ‘ताई, तुम्ही होता म्हणून थांबायला निमित्त मिळालं.’ पळणारी माणसं मी पहिल्यांदाच समोरून बघत होते. इतकी वर्षं त्यांच्या पाठीच बघितल्या होत्या, किंवा घड्याळ.

या सगळ्यात मला जे कळलं ते एवढंच, की दुखापतीच्या काळात उमेद कमी पडण्याइतकाच ती जास्त होण्याचाही धोका असतो. आमची आजी रात्री चुलीतल्या विस्तवावर राख ओढायची. आम्हाला वाटायचं विझवतेय. सकाळी राख बाजूला केली की आत निखारा लाल असायचा. रात्रभर फुंकत बसली असती तर सकाळी हाती कोळसाही लागला नसता. मी एप्रिलपर्यंत फुंकत होते. त्यानंतर राख ओढायला शिकले.

आता माझ्यापेक्षा फार मोठ्या माणसाबद्दल दोन शब्द. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे तुम्हाला माहीत आहे. शेतकऱ्याचा मुलगा, महार रेजिमेंटचा जवान, तीन हजार मीटर स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रमवीर. या शर्यतीत 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. म्हणजे पस्तीस वेळा एका पायावर उतरायचं आणि वेग न मोडता पुढे जायचं. 2018 साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची जकार्ताची आशियाई स्पर्धा हुकली. आपण इतकंच वाचून पान उलटलं असतं. पण त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने 8 मिनिटं 29.80 सेकंदांत शर्यत पूर्ण करून गोपाळ सैनी यांचा 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्य मिळवलं, सुवर्ण फक्त पाच शतांश सेकंदांनी गेलं. आणि जकार्ताला जे हुकलं होतं ते आशियाई सुवर्ण 2023 मध्ये हांगझोला मिळालं, 8 मिनिटं 19.50 सेकंदांत. हुकलेल्या स्पर्धेपासून सुवर्णापर्यंत पाच वर्षं. बातमीत या दोन तारखा असतात, मधली पाच वर्षं नसतात.

याच वर्षी, 11 जुलैला मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत पाण्याच्या उडीवर तो पडला. निदान आलं, एसीएल आणि गादी. अगदी माझ्याच गुडघ्याचा कागद. ऑपरेशन झालं, सप्टेंबरची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. ती बातमी वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझं पळणं आणि त्याचं पळणं यांची तुलनाच नाही. त्याच्या पायांवर देश बघत असतो, माझ्याकडे पापडवाल्या आजी बघत होत्या. पण मांडी आवळायला सांगितल्यावर ती ऐकत नाही, तो क्षण दोघांनाही सारखाच. तिथे विक्रम कामाला येत नाही. शरीर रांगेत सगळ्यांना एकाच ठिकाणी उभं करतं. म्हणून तुमच्यातलं कुणी ‘तो लवकर का परतत नाही’ असं म्हणालं, तर त्याला माझ्याकडे पाठवा. मी त्याला ठेवीचं गणित समजावून सांगेन.

माझं पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते तितकं महत्त्वाचं नाही. ऑपरेशननंतर आठव्या महिन्यात सगळ्या कसोट्या पार झाल्या आणि मला पळायची परवानगी मिळाली. एक मिनिट पळणं, चार मिनिटं चालणं, असं पाच वेळा. म्हणजे एकूण पाच मिनिटं. कुठे पळावं असा प्रश्न होता. मी इथे आले, आपल्या मैदानावर. रविवारची पहाट होती. शिपाईकाकांनी फाटक उघडून दिलं आणि विचारलं, ‘परत पडणार नाही ना?’ त्या खांबाजवळून जाताना पाय कापत होते. दुखापतीची भीती गुडघ्यात नसते, ती त्या जागेत राहते, आणि त्या जागेवर जाऊनच ती कमी होते. तरी खांबाला वळसा मी घातला नाही. तेवढं शहाणपण आलं होतं.

आणि त्या पहाटे मी एकटी नव्हते. आदल्या रात्री मी तिला फोन केला होता, ‘खो’ देणारीला. पाच महिन्यांनी. म्हटलं, ‘उद्या पहाटे मैदानावर ये. मी पडले तर उचलायला कुणीतरी हवं.’ एवढंच. तिने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. ती आली, पायऱ्यांवर बसली. माझी पाच मिनिटं संपल्यावर म्हणाली, ‘अगं, ते चालायचं असतं ना मध्ये मध्ये, तेवढं मला जमेल.’ तिला तेव्हा नुकताच मधुमेह निघाला होता आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. ती महिनोन्‌महिने टाळत होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या चालण्याच्या मिनिटांना ती सोबत यायला लागली. मी पळून पुढे जायचे, वळून तिच्यापाशी यायचे, पुन्हा चालायचे. आज मी पळते आणि ती सलग पाच किलोमीटर चालते. डबा अजून तीच आणते.

19 जानेवारी 2025 ला मी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन पळाले. किती वेळ लागला ते सांगणार नाही. पूर्वी जो वेळ ठरवला होता त्यापेक्षा पुष्कळ जास्त लागला. पेडर रोडच्या चढावर मी सरळ चालत गेले आणि मला त्याची लाज वाटली नाही. चालायला मी शिकून आले होते.

मैत्रिणी, तू समोर बसली आहेस. तो खो नियमाप्रमाणेच होता. खूप दिवस मी तुझ्यावर मनातल्या मनात फाऊल दिला होता. तो आज सगळ्यांसमोर मागे घेते.

आपण सगळे आता पन्नाशीच्या उंबरठ्यावर आहोत. कुणाचा गुडघा, कुणाची कंबर, कुणाचं हृदय, कुणाची नोकरी, काही ना काही तुटणार आहे, काहींचं तुटलंही आहे. तेव्हा लगेच उठून पळा असं मी सांगणार नाही. उठायच्या वेळेला उठा, धुतलेले कपडे घाला, आणि त्या दिवशी जेवढं करायला सांगितलंय तेवढंच करा. जास्त नको. आणि रविवारी डबा घेऊन येणारीचा फोन उचला.

उद्या सकाळी सहा वाजता सिद्धेश्वर तलावापाशी आम्ही दोघी असू. ज्यांना पळायचंय त्यांनी माझ्याबरोबर यावं, ज्यांना चालायचंय त्यांनी तिच्याबरोबर. सर, तुम्ही शिट्टी घेऊन या. फक्त खो-खो म्हणू नका.